वर म्हणजे कुठे?

भोरच्या एसटी स्टँडवर एखाद्या मामांना "कुठं निघालात?" असं विचारलं आणि ते "वर चाललोय" म्हणाले, तर ते उत्तरेला निघालेले नसतात. ते वरंध्याच्या बाजूला, म्हणजे मावळतीला निघालेले असतात. सह्याद्रीची धार तिकडे आहे, वाड्या तिकडे चढत गेल्या आहेत आणि नीरा तिकडूनच उतरत येते. "खाली" म्हणजे शिरवळची बाजू. गंमत अशी, की हेच मामा वरंधा घाट ओलांडून महाडला गेले तर तेही "खाली कोकणात" जातात. पूर्वेलाही खाली आणि पश्चिमेलाही खाली, कारण मधली धार सगळ्यांत उंच. इथल्या बोलण्यातलं वर-खाली पाण्यानं ठरवलेलं आहे.

आता या मामांची नात सहावीत आहे असं समजू. वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला आहे आणि बाई सांगतात, "नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण." नात लिहून घेते, परीक्षेत बरोबर उत्तर देते. पण आकाशाकडे बोट करून "उत्तर वर असते" असं सांगणारी मुलं असतात आणि "नदी उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहते, कारण पाणी वरून खाली येतं" असं ठामपणे म्हणणारीही असतात. त्यांना हसायचं कारण नाही. नकाशाच्या कागदावर दोन 'वर' एकत्र येतात. एक उत्तरेचं आणि एक उंचीचं. भोर आणि शेजारच्या वेल्ह्यातल्या मुलांना दुसरं 'वर' जन्मापासून पाठ असतं. माझं म्हणणं एवढंच, की इथं नकाशा शिकवताना त्या दुसऱ्या 'वर'पासून सुरुवात करावी.

पहिलं काम फार सोपं आहे. नकाशा भिंतीवरून उतरवावा आणि जमिनीवर पसरावा. त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवावी आणि मुलांना भोवती बसवावं. असं केलं की 'वर' हा शब्दच गळून पडतो आणि उत्तर म्हणजे शाळेच्या पाण्याच्या टाकीची बाजू किंवा पिंपळाची बाजू होते. इथल्या मुलांना दिशांचे शब्द तसे परके नाहीत. मावळ हे नावच मावळतीवरून आलं असं सांगतात. घरात जमिनीचं खरेदीखत निघालं की चतुःसीमा वाचली जाते: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. हा शब्दांत लिहिलेला नकाशाच आहे. तो ऐकून वहीत चौकोन काढायला सांगितलं, तर नकाशावाचनाचा पहिला तास घरच्या कागदावरच होतो.

खरी उत्तर शोधायची कशी? पुस्तकात सोपा उपाय असतो: दुपारी बारा वाजता काठीची सावली उत्तरेकडे पडते. हा उपाय आपल्याकडे दोनदा चुकतो. घड्याळातली वेळ ८२.५ पूर्व रेखावृत्ताची आणि वेल्हे साधारण ७३.६ अंशांवर. फरक जवळजवळ नऊ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य इथं माथ्यावर येतो तो सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर. दुसरी चूक जास्त मजेची आहे. भोर आणि वेल्हे १८ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या थोडं वर आहेत, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. या मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनच्या सुमारास एक मीटर काठीची सावली जेमतेम नऊ सेंटीमीटर, आणि तीही उलट्या बाजूला! जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या एखाद्या उत्साही शिक्षकानं हा प्रयोग घेतला आणि ढगांनी कृपा केली, तर वर्गाची उत्तर थेट साताऱ्याकडे जाईल.

त्यापेक्षा शुल्बसूत्रांतली जुनी रीत चांगली. सपाट जमिनीवर काठी, म्हणजे शंकू, उभा रोवायचा आणि त्याच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथं शिवतं तिथं खडा ठेवायचा, दुपारनंतर बाहेर जाताना जिथं शिवतं तिथं दुसरा. दोन खडे जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. घड्याळ लागत नाही, महिना कुठलाही चालतो, फक्त ऊन हवं. होकायंत्र आणलं तर तेही चांगलंच. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसं अंतर नाही. मात्र ते काळ्या पाषाणावर टेकवून वाचू नये. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि काही ठिकाणी सुई बिचकते.

प्रमाणाचा धडा बालभारतीच्या गेल्या काही वर्षांच्या पुस्तकांत आठवीला आहे. शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण ही नावं मुलं पाठ करतात आणि एका जागी हमखास अडतात: १:५०० हे मोठं प्रमाण आणि १:५०,००० हे लहान, असं कसं? आकडा तर पन्नास हजारचा मोठा! भाकरीनं हे सुटतं. एक भाकरी पाचशे जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा मोठा की पन्नास हजारांत वाटली तर? मोठ्या प्रमाणाच्या नकाशात घराला मोठा तुकडा मिळतो, म्हणून घर दिसतं. लहान प्रमाणात अख्ख्या गावाला एक ठिपका पुरतो.

मोजण्यासाठी इथं घरचंच माप आहे. मोजणीदारांची जुनी साखळी ३३ फुटांची असे, तिचे १६ आणे. एका साखळीच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतमोजणीची ही शिस्त पुणे जिल्ह्याला नवी नाही. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांची सुतळी घेऊन तिला सोळा गाठी मारल्या की मुलांच्या हातात साखळी आली. शाळेचं मैदान किती गुंठे भरतं हा प्रश्न घरी नेला, तर आजोबाही जेवता जेवता हिशेबात पडतील. मग तेच मैदान दोन मीटरला एक सेंटीमीटर या प्रमाणात वहीवर उतरवायचं. दोनशेपट लहान, म्हणून १:२००. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

खरी मेख पुढे आहे. सातवीच्या पुस्तकात समोच्चरेषा येतात. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या ठिकाणांना जोडणारी काल्पनिक रेषा, अशी व्याख्या. 'काल्पनिक' या शब्दापाशी मुलांचा हात सुटतो. कागदावर तपकिरी गुंडाळे दिसतात, शिक्षक म्हणतात हा डोंगर. मुलं मान डोलावतात. डोंगर खिडकीबाहेर उभा असतो आणि त्याचा या गुंडाळ्याशी काही संबंध आहे असं कोणालाच वाटत नाही.

म्हणून वर्ग भाटघरला न्यावा. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं, ब्रिटिश गव्हर्नरच्या नावानं लॉइड धरण म्हटलं गेलं, आणि आता त्याला येसाजी कंकांचं नाव आहे. पावसाळ्यात जलाशय भरतो आणि दिवाळीनंतर पाणी उतरत जातं, ते जूनपर्यंत. उतरता उतरता काठाच्या उघड्या मातीवर लाटांनी कोरलेले पट्टे राहतात, एकाखाली एक, घाटाच्या पायऱ्यांसारखे. यातला प्रत्येक पट्टा म्हणजे कुठल्या तरी दिवशीची पाण्याची कड. साठलेल्या पाण्याची कड सगळीकडे एकाच उंचीवर असते. म्हणजे तो पट्टा ही समोच्चरेषाच आहे, आणि ती काल्पनिक नाही. तिच्यावर म्हशी चरतात. (चिखलात कोणी उतरायचं नाही. गाळ फसवा असतो. रस्त्यावरून किंवा पुलावरून बघितलं की पुरतं.)

एकदा हे दिसलं की पुस्तकातले नियम मुलांना स्वतःच सांगता येतात. जिथं काठ उभा आहे तिथं पट्टे एकमेकांना चिकटलेले; जिथं जमीन पसरट आहे तिथं पाणी एक मीटर उतरलं तरी कड लांबवर मागे गेलेली, पट्टे विरळ. रेषा जवळ तर चढ तीव्र, रेषा लांब तर चढ मंद, हे पाठ करायची गरजच उरत नाही. त्याहून अवघड नियम 'व्ही' आकाराचा. ओढ्यावर समोच्चरेषेचं टोक चढाकडे जातं आणि सोंडेवर उताराकडे. हे भल्याभल्या ट्रेकरांना उलटसुलट होतं. जलाशयाच्या काठाला मात्र ते उघडं पडलेलं असतं. प्रत्येक ओढ्याच्या तोंडातून पाण्याचं एक बोट आत, चढाच्या बाजूला शिरलेलं असतं आणि दोन ओढ्यांमधली सोंड नाकासारखी पाण्यात पुढे आलेली असते. काठाची ती नागमोडी रेषा वहीत काढा, समोच्चरेषा झाली.

धरण लांब असेल त्या गावात भातखाचरं आहेत. खाचरात पाणी उभं राहायला हवं, म्हणून प्रत्येक खाचर सपाट आणि त्याचा बांध एका उंचीवर. उतार तीव्र असला की खाचरं अरुंद, मंद असला की ऐसपैस. वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची जुलैतली खाचरं वरून बघितली तर तो हिरव्या शाईनं काढलेला समोच्चरेषांचा नकाशाच वाटतो. ज्यांनी ती पाडली त्यांना हा शब्द कोणी शिकवला नव्हता. युरोपात ही कल्पना नावारूपाला आली ती १७७४च्या आसपास, स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर. पृथ्वीचं वजन काढण्याच्या खटाटोपात चार्ल्स हटन या गणितज्ञापुढे शेकडो उंचींचे आकडे पडले होते. त्यानं सारख्या उंचीचे बिंदू रेषेनं जोडले आणि डोंगर कागदावर उभा राहिला.

आणि मग दिवाळीचा किल्ला. मराठी मुलांइतका त्रिमितीय नकाशांचा सराव जगात कोणाला असेल असं मला वाटत नाही. दगड, माती, पोतं, वर अळीव पेरून केलेली झाडी, मावळे, आणि भाऊबीज झाली की सगळं ओसाड. तो किल्ला वाया घालवू नये. मोठ्या घमेल्यात शाडूचा लहान किल्ला करावा, वाळू द्यावा, घमेल्याच्या आतल्या बाजूला बोटाबोटाच्या अंतरावर खुणा कराव्यात. मग एका खुणेपर्यंत पाणी ओतायचं आणि पाण्याच्या कडेनं खिळ्यानं रेघ ओढायची. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. शेवटी पाणी काढून टाकलं आणि बरोबर वरून बघितलं की रेघा एकात एक बसलेल्या दिसतात. शाडू विरघळायच्या आत काम उरकावं लागतं, एवढीच अडचण. घाई असेल तर अर्धा बटाटा पालथा घालून त्याचे आडवे काप करावेत आणि प्रत्येक कापाभोवती कागदावर पेन्सिल फिरवावी. सुबक होत नाही, पण डोंगर कागदावर उतरतो, आणि उरलेल्या कापांची भजी होतात.

भूरूपांची नावंही घरचीच पुरतात. पुस्तकातली संस्कृत नावं परीक्षेपुरती ठेवावीत, कारण इथल्या बोलीत त्याहून नेमके शब्द आहेत. धार, सोंड, खिंड, घळ, पठार, कडा, टेपाड, माची. कोकणात उतरणाऱ्या अरुंद, दगडगोट्यांच्या वाटेला नाळ. यातल्या प्रत्येक शब्दाला समोच्चरेषांचा एकेक आकार आहे. रेषांचे दोन बंद गुंडाळे आणि मधे चिमटा म्हणजे खिंड. रेषा अंगावर अंग टाकून एकमेकींत मिसळल्या की कडा. गर्दीतून अचानक मोकळी, सपाट जीभ बाहेर आली की माची. राजगड तर या धड्यासाठीच घडवल्यासारखा आहे: मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या. पद्मावती उत्तरेकडे, सुवेळा पूर्वेकडे, संजीवनी पश्चिमेच्या अंगाला. ज्या मुलानं गुंजवण्याहून गड चढलाय त्याला टोपोशीटवरचा, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरचा, तो तीन पाकळ्यांचा आकार नाव न वाचता ओळखता येतो.

पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तीन डोंगरांचा एक प्रयोग आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती, एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला बाहुली. बाहुलीला काय दिसतंय? लहान मुलं स्वतःला दिसतं तेच सांगतात. समोरच्याच्या जागी मनानं जाणं साधारण सात ते दहाच्या वयात हळूहळू जमतं. नकाशा वाचणं ही याच कसबाची पुढची पायरी, कारण नकाशातली नजर आभाळातून सरळ खाली बघणाऱ्याची असते. पियाजेला प्रतिकृती करावी लागली. इथं राजगड, तोरणा आणि सिंहगड आयते उभे आहेत. वेल्ह्याच्या मुलाला राजगड जसा दिसतो तसा भोरच्या मुलाला दिसत नाही. दोन शाळांनी आपापल्या अंगणातून दिसणारी डोंगररांग काढून एकमेकांना पाठवली आणि "हा डोंगर आमच्या चित्रात कुठे आहे?" असं विचारलं, तर तो प्रयोगशाळेतल्यापेक्षा चांगला प्रयोग होईल.

टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा. हा विभाग १७६७ पासूनचा. नेहमीच्या टोपोशीटचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. समोच्चरेषांत अंतर २० मीटरचं. रेषा तपकिरी, पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच, पायथ्याचं वेल्हे साधारण त्याच्या निम्म्या उंचीवर. म्हणजे चढताना पस्तीसेक रेषा ओलांडाव्या लागतात. मुलांना सांगावं, प्रत्येक रेषा म्हणजे सहा-सात मजल्यांचा जिना. दम कुठे लागणार ते कागदावरूनच कळतं.

या पत्रकांची एक खोड मला महागात पडली आहे. पत्रकं अक्षांश-रेखांशांनी कापलेली असतात, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत. भारताच्या जुन्या क्रमांकांत हा सगळा भाग ४७ एफमध्ये येतो. तोरणा आणि वेल्हे ४७ एफ/११ वर, भोर ४७ एफ/१६ वर, आणि राजगडचा बालेकिल्ला १८ अंश १५ मिनिटांच्या रेषेच्या जरासा दक्षिणेला, म्हणून ४७ एफ/१२ च्या वरच्या कडेला. राजगडहून डोंगरधारेनं तोरण्याला जायचं म्हणून मी मोठ्या तयारीनं एकच पत्रक घेऊन निघालो होतो. अर्ध्या वाटेत नकाशा संपला. वाट समोर होती, डोंगर समोर होता, कागद मात्र समासापाशी येऊन थांबला. दोन्ही गडांत सरळ अंतर सातेक किलोमीटर, टोपोशीटवर जेमतेम चौदा सेंटीमीटर; चालायला अख्खा दिवस. नकाशातलं अंतर आणि पायाखालचं अंतर यांतला फरक मुलांना दाखवायचा तर नकाशावरच्या वरंधा घाटाच्या वळणांवर सुतळी ठेवून ती नंतर पट्टीवर सरळ करावी.

आता मोबाइलवर निळा ठिपका सगळं दाखवत असताना हा उपद्व्याप कशाला, असं कोणी विचारेलच. खोऱ्यात रेंज जाते, हे एक उत्तर झालं. दुसरं असं, की ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो, पण समोरच्या सोंडेपलीकडे ओढा आहे की कडा, हे बघायला त्याच पडद्यावरचा नकाशा वाचता यावा लागतो. त्याला सराव लागतो. तंत्राशी भांडण नाही. सर्वेक्षण विभागाचे नकाशेही आता संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

नकाशाच्या समासात छापलेलं साल बघायची सवय मात्र लावायलाच हवी. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे; पुस्तकातल्या जुन्या नकाशात ते सापडणार नाही. १९४८च्या मार्चमध्ये विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, त्यामुळे त्याआधीच्या नकाशात इथून वेगळीच सीमारेषा जाते. तोरण्याला प्रचंडगड, रोहिड्याला विचित्रगड अशी दुसरी नावं आहेत. एकाच नावाची दोन गावं दिसली तर बुद्रुक आणि खुर्द बघायचं. राजगडाखाली पाल बुद्रुक आहे आणि पाल खुर्दही. तालुक्यांच्या सीमा येण्याआधीची नावं तर खोऱ्यांची होती: गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानद खोरं, रोहिड्याभोवतीचं रोहिडखोरं, भोरकडचं हिरडस मावळ. पाणी कुठून कुठे वाहतं हे ठाऊक असणाऱ्यांनी केलेली ती विभागणी होती. टोपोशीटवर निळ्या रेघा पेन्सिलीनं गिरवल्या आणि दोन नद्यांमधली धार जोडत गेलं, तर जुन्या मावळांच्या हद्दी बऱ्याच अंशी परत उमटतात. सातवीच्या वर्गाला एका शनिवारी एवढं काम पुरे आहे.

आणि मे महिन्यात, पाणी अगदी तळाला गेल्यावर, भाटघरच्या काठी कांबऱ्याला जावं. तिथलं महादेवाचं जुनं मंदिर वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात उघडं पडतं. टोपोशीट पसरून उत्तर जुळवायची, आपली जागा शोधायची. कागदावर तिथं सगळं निळं असतं आणि मुलं कोरड्या दगडांसमोर उभी असतात. आपण आत्ता निळ्या कडेच्या आतल्या बाजूला आहोत, म्हणजे भरलेल्या पाण्याच्या रेषेच्या खाली. किती खाली? वर, रस्त्याच्या बाजूला, काठावरचे पट्टे दिसतात. तिथून मोजायला सुरुवात करता येते.